दर उन्हाळ्यात चिलर एचपीवर (हाय प्रेशरवर) ट्रिप होतोय? गॅसला हात लावण्याआधी हवेचा हिशोब मांडा

मार्चअखेरीपर्यंत एअर-कूल्ड चिलर (एसीसाठी पाणी थंड करून उष्णता बाहेरच्या हवेत सोडणारं मशीन) गुण्यागोविंदाने चालतो. एप्रिल अर्धा सरला की दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला खालून फोन सुरू होतात: थंड होत नाही. बाहेर जाणारं पाणी सात अंशांवरून दहा-अकरावर चढलेलं असतं. थोड्या वेळाने कंट्रोलरवर 'हाय डिस्चार्ज प्रेशर' येतं आणि ते सर्किट (कॉम्प्रेसर, कॉइल आणि पंखे यांचा एक संच) बंद. ऑपरेटर रीसेट मारतो, पंधरा-वीस मिनिटं चालतं, परत ट्रिप. संध्याकाळी सहानंतर सगळं आपोआप सुरळीत.

मग गॅसवाला येतो, म्हणजे रेफ्रिजरंटचं काम करणारा. गेज लावतो, हेड प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) जास्त दिसतं, थोडा गॅस सोडतो. ट्रिप थांबते, बिल निघतं. डिसेंबरात थंडी पडली की त्याच सर्किटवर लो प्रेशर अलार्म. आता निदान 'गॅस कमी', म्हणून गॅस भरतात. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा पहिला अंक. अशी चिलरं मी पुण्या-नागपूरकडे, कारखान्यांत आणि हॉस्पिटलांच्या गच्च्यांवर इतकी पाहिली आहेत, की 'दरवर्षी गॅस ॲडजस्ट करावा लागतो' हे वाक्य ऐकलं की मी आधी कंडेन्सरची कॉइल (गॅस जिथे आपली उष्णता हवेला देतो ती नळ्यांची जाळी) बघायला जातो. दुखणं हवेच्या बाजूचं आणि औषध गॅसच्या बाजूला, असा हा प्रकार आहे. गॅस सोडल्यावर थोडा आराम पडतो याचंही कारण आहे. कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत साठलेला द्रव कमी होतो, तेवढी जागा वाफेला मोकळी मिळते आणि प्रेशर काही पौंड उतरतं. कॉइलवरची घाण मात्र जिथल्या तिथे राहते.

रीसेट मारण्याआधी

ट्रिप झाली की पहिलं काम स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढणं. बहुतेक कंट्रोलर ट्रिपच्या क्षणाची वाचनं साठवतात: हेड प्रेशर, सक्शन (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या गॅसचं प्रेशर), लोड टक्के, पाण्याची दोन्ही तापमानं. त्याच वेळी लॉगबुकात दोन गोष्टी हाताने लिहा. कॉइलमध्ये शिरणाऱ्या हवेचं तापमान किती होतं आणि त्या सर्किटचे किती पंखे खरंच फिरत होते. स्क्रीनवर 'फॅन ऑन' दिसणं म्हणजे पंखा फिरतोय असं नाही. ते फक्त कॉन्टॅक्टरला (पंख्याचा सप्लाय जोडणाऱ्या स्विचला) दिलेल्या आदेशाचं चिन्ह आहे.

अलार्म कुठून आला तेही बघा. कंट्रोलर ट्रान्सड्यूसरच्या (प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरच्या) वाचनावरून थांबवतो, आणि त्याच्या मागे एक यांत्रिक एचपी स्विच वेगळा असतो. नुसत्या ट्रान्सड्यूसरवर ट्रिप होत असेल तर एकदा गेज लावून दोन्ही आकडे जुळवा. उन्हापावसात वर्षानुवर्षं राहिलेला ट्रान्सड्यूसर जास्त दाखवायला लागला, की चांगला चिलरही 'आजारी' ठरतो. दहा मिनिटांची तपासणी आहे, पण कुणी करत नाही.

यांत्रिक स्विच बहुधा हाताने रीसेट करावा लागतो. तो तसा मुद्दाम ठेवला आहे, माणसाने वर येऊन बघावं म्हणून. त्याला जंपर मारून (वायर जोडून तो निकामी करून) 'आजचा दिवस काढू' म्हणणारे भेटतात, स्विचची सेटिंग वर सरकवणारेही भेटतात. दोन्ही करू नका आणि कुणाला करू देऊ नका. त्या स्विचनंतर मध्ये उरतो फक्त रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की गॅस बाहेर सोडणारी झडप), आणि त्याने काम केलं तर गच्चीवर गॅसचा फवारा असतो आणि शेजारी माणूस असू शकतो.

अप्रोच: एका वजाबाकीचं काम

हेड प्रेशर जास्त की बरोबर हे नुसत्या प्रेशरवरून सांगता येत नाही, कारण बाहेरची हवा बदलली की प्रेशर बदलणारच. म्हणून गॅसच्या चार्टवरून प्रेशरचं तापमानात (कंडेन्सिंग तापमानात) रूपांतर करा आणि त्यातून कॉइलमध्ये शिरणाऱ्या हवेचं तापमान वजा करा. उरलेल्या आकड्याला साइटवर बरेच जण अप्रोच म्हणतात. पूर्ण लोडवर स्वच्छ कॉइलचा अप्रोच साधारण ११ ते १७ अंशांच्या दरम्यान असतो. तुमच्या मशीनचा नेमका आकडा कमिशनिंगच्या कागदांत सापडेल.

आर-१३४ए या गॅससाठी गेजवरचे आकडे असे: ४५ अंशांना सुमारे १५४ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), ५० ला १७७, ५५ ला २०२, ६० ला २२९, ६५ ला २५९ आणि ७० ला २९२. आर-४१०ए चे आकडे फार वरचे असतात, ५० अंशांनाच ४३० च्या आसपास, त्यामुळे चुकीचा चार्ट धरला तर सगळं निदान फसतं. आर-४०७सी हे मिश्रण आहे. त्यात एकाच प्रेशरला द्रवाचं आणि वाफेचं तापमान वेगळं असतं, म्हणून सबकूलिंग (द्रव कंडेन्सिंग तापमानाच्या किती खाली गेला) काढताना बबल पॉइंटचा रकाना वापरा, सुपरहीटसाठी (वाफ उकळण्याच्या तापमानाच्या किती वर गेली) ड्यू पॉइंटचा.

आता विदर्भातली मेची दुपार धरा, हवा ४४ अंश. कॉइल स्वच्छ, अप्रोच १५, म्हणजे कंडेन्सिंग ५९ अंश आणि प्रेशर २२४ च्या जवळपास. जड आहे, पण चालेल. कॉइल तुंबली आणि अप्रोच २४ झाला, तर ६८ अंश, २८० पीएसआय. त्यातच वर उडालेली गरम हवा भिंतीवर आपटून परत कॉइलमध्ये शिरू लागली आणि आत जाणारी हवा ४९ झाली, तर ७३ अंश, ३१० च्या पुढे. यात गॅस एक ग्रॅमनेही बदललेला नाही.

अप्रोच लोडबरोबर वरखाली होतो. निम्म्या लोडवर तो जवळपास निम्मा दिसतो. म्हणून सकाळी नऊला घेतलेलं वाचन 'सगळं ठीक' सांगतं आणि दुपारी तेच मशीन झोपतं. लॉगबुकात अप्रोचशेजारी लोडची टक्केवारी नसेल तर त्या नोंदीचा उपयोग नाही. शिवाय बरेच कंट्रोलर ट्रिप होण्याआधी स्वतःच कॉम्प्रेसरचा लोड उतरवतात. म्हणजे 'थंड होत नाही' ही तक्रार आधी येते आणि ट्रिप नंतर. ती पहिली तक्रार आली तेव्हाच वर गेलं पाहिजे.

हवेचं तापमान मोबाइलवरच्या हवामानावरून घेऊ नका, आणि चिलरच्या सेन्सरवर ऊन पडत असेल तर त्यावरूनही नको. साधा डिजिटल थर्मामीटर घेऊन कॉइलसमोर चार-पाच ठिकाणी मोजा. खाली ३९ आणि वरच्या कोपऱ्यात ४६ आलं, तर गरम हवा परत फिरतेय हे तिथेच सिद्ध झालं.

आणखी एक गोष्ट या मापात कळते. एअर-कूल्ड चिलरची कॅटलॉगमधली क्षमता बहुधा ३५ अंशांच्या हवेवर दिलेली असते. ४५ अंशांच्या गावात तोच आकडा धरून मशीन निवडलं असेल, तर कॉइल आरशासारखी लखलखीत असूनही दुपारी क्षमता कमी पडणार. तो बिघाड नाही, ती खरेदीतली चूक आहे. धुलाईवाल्याला त्यासाठी बोल लावू नका.

गॅस, हवा की घाण: वेगळं कसं ओळखायचं

अप्रोच जास्त निघाला की लिक्विड लाइनवर (कंडेन्सरमधून द्रव नेणाऱ्या नळीवर) तापमापक बांधून सबकूलिंग बघा. अप्रोच जास्त आणि सबकूलिंग नेहमीइतकं किंवा थोडं कमी असेल, तर कॉइल किंवा पंखे. अप्रोच आणि सबकूलिंग दोन्ही बरेच वाढलेले असतील, तर गॅस जास्त भरला गेलाय किंवा सिस्टममध्ये हवा अडकली आहे. हा फरक मार्गदर्शक समजा, न्यायाधीशाचा निकाल नाही. घाण कॉइल आणि जास्तीचा गॅस एकाच मशीनमध्ये सुखाने नांदतात, विशेषतः डिसेंबरात 'टॉप-अप' झालेल्या मशीनमध्ये. म्हणून क्रम ठरलेला हवा. आधी कॉइल धुवा, पंखे दुरुस्त करा, मगच गॅसचा विचार.

बाहेरून स्वच्छ दिसते म्हणजे स्वच्छ आहे असं नाही

'गेल्या महिन्यातच धुतली' हे उत्तर हमखास मिळतं. धुतलेली असते, बाहेरून. व्ही किंवा डब्ल्यू आकाराच्या कॉइल असलेल्या बहुतेक चिलरमध्ये पंखे वर असतात आणि हवा बाहेरून आत ओढली जाते. घाण बाहेरच्या तोंडावर बसते. त्याच तोंडावर जोरात जेट मारला की वरचा थर जातो आणि उरलेला आत, नळ्यांच्या दोन रांगांमध्ये ठासला जातो. दोन पातळ कॉइल एकामागे एक ठेवलेल्या मशीनमध्ये मधल्या फटीत चक्क नमद्यासारखा थर तयार होतो. बाहेरून कॉइल चकचकीत, हवा मात्र जात नाही.

तपासणी सोपी आहे. मशीन बंद आणि आयसोलेट करून (सप्लाय पूर्ण तोडून) एकाने आतून प्रखर टॉर्च धरायचा, दुसऱ्याने बाहेरून बघायचं. जिथे प्रकाशाची जाळी दिसत नाही तिथे हवाही जात नाही. कॉइलची रचना आरपार दिसू देणारी नसेल तर कोपऱ्यातला पत्रा सोडवून फटीत बघा.

घाण कसली आहे यावर धुण्याची पद्धत ठरते. इचलकरंजी, भिवंडीकडे कापसाचं लिंट. एप्रिल-मेमध्ये आवारात सावरीचं झाड असेल तर तिचा कापूस. बांधकामाशेजारी सिमेंटची धूळ. किचनच्या एक्झॉस्टजवळ तेलाचा चिकट थर. मुंबईत कबुतरांची पिसं आणि विष्ठा. लिंट आणि सावरीच्या कापसावर थेट पाणी मारलं की त्याचा लगदा होतो आणि फिन्समध्ये (नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांमध्ये) घट्ट बसतो. तो आधी कोरडाच काढायचा, मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने. कबुतरांच्या विष्ठेचं उलट आहे. ती कोरडी खरवडली की धूळ उडते आणि ती श्वासात जाणं फुप्फुसांसाठी धोक्याचं आहे. आधी हलकं ओलं करा, एन-९५ मास्क लावा, मग काढा.

बंद करणं म्हणजे काय

यावर थोडा वेळ घालवतो, कारण चिलर धुताना होणारे अपघात घाणीमुळे होत नाहीत. मशीन 'बंद' आहे असं समजल्यामुळे होतात.

स्क्रीनवरून 'ऑफ' करणं म्हणजे आयसोलेशन नव्हे. बीएमएसवरून (इमारतीच्या मध्यवर्ती कंट्रोलवरून) किंवा टायमरवरून मशीन पुन्हा सुरू होऊ शकतं. पंखे तर प्रेशरच्या आदेशावर कधीही फिरायला लागतात. क्रम असा ठेवा: कंट्रोलरवरून रीतसर थांबवा, पंप-डाऊन (गॅस कंडेन्सरमध्ये गोळा होणं) पूर्ण होऊ द्या, मुख्य आयसोलेटर पाडा, त्याला स्वतःचं कुलूप लावा, टॅगवर नाव आणि वेळ लिहा, किल्ली स्वतःच्या खिशात. दोन माणसं काम करत असतील तर दोन कुलपं. मग मल्टिमीटर आधी एखाद्या चालू जागी तपासा, मग चिलरच्या इनकमरवर (सप्लाय आत येतो तिथे) तिन्ही फेज बघा, मग मीटर परत चालू जागी तपासा. हे तिसरं पाऊल वगळलं जातं. मधल्या वेळात मीटरची वायर सुटली असेल तर मीटर शून्यच दाखवतो.

मुख्य आयसोलेटर पाडल्यावरही जिवंत राहणाऱ्या गोष्टी आहेत. कंट्रोल सप्लाय किंवा क्रँककेस हीटरची (कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणाऱ्या हीटरची) लाइन काही ठिकाणी वेगळ्या फीडरवरून किंवा यूपीएसवरून येते. पंपाच्या इंटरलॉकची वायरही दुसऱ्या पॅनेलमधून आलेली असते. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) असेल तर त्याच्या आतले कपॅसिटर सप्लाय गेल्यावरही भरलेले राहतात. झाकणावर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, तितकं थांबा. पंखे वाऱ्याने फिरतात, त्यामुळे जाळी काढण्याआधी पातं अडकवून ठेवा. डिस्चार्ज पाइप बराच वेळ चटका देण्याइतका गरम असतो.

क्रँककेस हीटरबद्दल एक सूचना. तो गॅसला तेलात विरघळू देत नाही. धुलाईपुरते काही तास बंद राहिला तर बहुधा अडत नाही, पण मशीन एक-दोन दिवस पूर्ण बंद असेल तर सुरू करण्याआधी हीटर चालू ठेवून थांबावं लागतं. बऱ्याच उत्पादकांच्या मॅन्युअलमध्ये ही मुदत २४ तास आहे. सोमवारी सकाळी मेन सप्लाय देऊन लगेच स्टार्ट दाबला तर तेलाचा फेस होतो आणि कॉम्प्रेसरचे बेअरिंग कोरडे चालतात. रविवारची धुलाई ठरवताना हे धरून चला.

गच्चीचं ऊन, ओली फरशी आणि कठडा नसलेल्या कडा यांचा विचार कामाच्या परवान्यात हवा. काम पहाटे उरका. त्यात दुहेरी फायदा आहे. माणसाला ऊन लागत नाही, आणि कॉइल थंड असल्यामुळे पाणी लगेच वाळून क्षार मागे सोडत नाही. इलेक्ट्रिकल पॅनेल, फॅन मोटरचे टर्मिनल बॉक्स आणि ट्रान्सड्यूसरचे कनेक्टर प्लास्टिकने बांधा. पॅनेलच्या दाराचं रबर फाटलेलं असेल तर आधी ते बदला.

धुण्याची पद्धत

तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या फिन्स असलेल्या कॉइलला आतून बाहेर धुवायचं, म्हणजे हवेच्या उलट दिशेने. त्यासाठी पंख्याची जाळी किंवा बाजूचा पत्रा काढावा लागतो, आणि इथेच बरेच कंत्राटदार अंग चोरतात. साधा होज आणि पसरट फवाऱ्याचं नोझल पुरतं. पाण्याची धार फिन्सना सरळ काटकोनात पडली पाहिजे. तिरकी पडली की फिन्स आडव्या होतात, आणि आडव्या फिन्स म्हणजे कायमची तुंबलेली कॉइल. गाड्या धुण्याचा प्रेशर वॉशर, त्यातही एका बिंदूत धार देणारं नोझल, कॉइलजवळ आणू नका. खालून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. आडव्या झालेल्या फिन्स फिन-कोंबने सरळ करता येतात. काम कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या दिवसात अप्रोच उतरलेला दिसतो.

मायक्रोचॅनेल कॉइल पूर्ण ॲल्युमिनियमची असते. तिच्या चपट्या नळ्यांच्या भिंती पातळ असतात आणि गळती झाली तर साइटवर दुरुस्ती अवघड. तिच्यासाठी आधी व्हॅक्यूम, मग साधं पाणी. बहुतेक उत्पादक तिथे कोणत्याही रसायनाला मनाई करतात आणि पाण्याच्या दाबाची मर्यादा मॅन्युअलमध्ये देतात. ती वाचा. ही कॉइल पाणी धरून ठेवते, त्यामुळे नीट निथळू द्या.

आता 'कॉइल क्लीनर'. फवारला की फसफसून पांढरा फेस येतो, ऑपरेटर खूश होतो, 'बघा साहेब, घाण निघतेय'. फेस काही वेळा साबणाचाही असतो. पण कॉस्टिकयुक्त किंवा आम्लयुक्त क्लीनरमध्ये तो फेस हायड्रोजनचा असतो, आणि हायड्रोजन येतो ॲल्युमिनियम विरघळल्यामुळे. म्हणजे निघतेय ती घाण नाही, फिन निघतेय. असं दरवर्षी केलेल्या कॉइलच्या फिन्स बोटाने दाबल्या तर पावडर होतात. टॉयलेटचं ॲसिड तर अजिबात नको. ते ब्लीचबरोबर एकत्र आलं तर क्लोरिन वायू तयार होतो, आणि हाउसकीपिंगच्या खोलीत दोन्ही कॅन शेजारी शेजारी असतात.

काही 'ब्राइटनर' क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा त्याचे क्षार असतात. त्याने भाजलेलं सुरुवातीला दुखतही नाही, काही तासांनी खोलवर गेलेलं कळतं. उपचाराला कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि तातडीने डॉक्टर लागतात. सेफ्टी डेटा शीटशिवाय आलेला कॅन गच्चीवर चढू देऊ नका. तेलकट थरासाठी रसायन लागलंच, तर ॲल्युमिनियमला चालणारं, न्यूट्रल जातीचं, सांगितलेल्या प्रमाणात पातळ केलेलं आणि नंतर भरपूर पाण्याने धुतलेलं. कॉइलला एपॉक्सी किंवा दुसरं कोटिंग असेल तर कोटिंगवाल्याने मान्य केलेलंच.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या मशीनला वेगळं वेळापत्रक हवं. तिथे खारी हवा तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्या सांध्यावर गंज चढवते. नळी शाबूत राहते आणि फिन नळीपासून सुटते. मग कॉइल स्वच्छ असूनही उष्णता सोडत नाही, आणि त्यावर धुलाईचा उपाय उरत नाही. महिन्यातून एकदा साध्या गोड्या पाण्याने धुणं, दिसायला स्वच्छ असली तरी, हे काही वेळा कोटिंगची वॉरंटी टिकवायलाही लागतं. नोंदी ठेवा, त्या मागितल्या जातात.

पंखे

कॉइल धुतली तरी अप्रोच उतरला नाही, तर पंख्यांकडे वळा. एक पंखा बंद म्हणजे एका पंख्याएवढीच हवा कमी, असं बहुतेक जण धरतात. प्रत्यक्षात शेजारचे चालू पंखे बंद पंख्याच्या भोकातून हवा खाली ओढतात, कारण कॉइलपेक्षा ते भोक सोपं. बंद पंखा उलटा फिरताना दिसतो आणि गच्चीवरची गरम हवा कॉइल टाळून थेट आत येते. त्या सर्किटची हवा एका पंख्यापेक्षा बरीच जास्त कमी होते. एक मोटर जळालेली असताना 'बाकीचे आहेत ना' म्हणून मे काढणं शक्य नसतं.

मोटर बदलल्यावर दिशा बघा. तिन्ही फेजपैकी दोन उलटे जोडले गेले की तो एकटाच पंखा उलटा फिरतो. आवाज येतो, करंट येतो, हवा जात नाही. जाळीवर कागदाची पट्टी धरली की लगेच कळतं. सिंगल फेज मोटर असेल तर अशक्त झालेल्या कपॅसिटरमुळे पंखा हळू फिरतो. बदललेलं पातं मूळच्याच पिचचं (तिरकेपणाचं) आहे ना, तेही एकदा जुळवून घ्या.

गरम हवेची परतफेड

चिलर बसवला तेव्हा गच्ची मोकळी होती. मग सोलर पॅनेल आले, मोबाइल टॉवर आला, आवाजाची तक्रार आली म्हणून बाजूला पत्र्याची भिंत आली, 'ऊन लागू नये' म्हणून वर शेड आली. शेडचा मोह मी समजू शकतो, पण वर उडणारी हवा शेडवर आपटून खाली येते आणि उन्हापेक्षा मोठं नुकसान करते. पंख्यांच्या वर आकाशाखेरीज काहीही नको. बाजूला किती जागा सोडायची ते मॅन्युअलमध्ये असतं, साधारण दीड-दोन मीटर. खड्ड्यात किंवा चारही बाजूंनी पॅरापेटमध्ये अडकलेलं मशीन असेल तर जास्त. जनरेटरचा रेडिएटर चिलरच्या तोंडावर गरम हवा सोडत असेल, तर लाइट गेल्यावरच ट्रिप होते आणि सगळे व्होल्टेजला दोष देतात. हिरवं शेडनेट कचऱ्यासाठी लावलेलं असेल तर तेही धुतलंच पाहिजे, नाहीतर तीच तुमची नवी तुंबलेली कॉइल.

पाण्याचा फवारा

ट्रिप टाळायला चालू कॉइलवर स्प्रिंकलर किंवा ओलं गोणपाट, हा गावोगावी दिसणारा उपाय. प्रेशर उतरतं, हे खरं. पण बोअरचं कठीण पाणी गरम फिनवर वाळलं की पांढरा क्षार तिथेच बसतो, आणि दोन उन्हाळ्यांत कॉइलचा चुनाभट्टीसारखा रंग होतो. तो क्षार ॲसिडशिवाय निघत नाही, आणि ॲसिडचं वर सांगितलंच. चालू मशीनवर पाणी म्हणजे ओल्या पंख्याच्या मोटरी आणि ओले टर्मिनल, हा वेगळा धोका. अगदीच अडचण असेल आणि हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर वगैरे थांबवता येत नसेल, तर त्या दुपारी लोड कमी करा. दुसऱ्या सर्किटवर विभागा, बाहेर जाणाऱ्या पाण्याचा सेटपॉइंट एक-दोन अंश वर घ्या, गरज नसलेल्या मजल्यांचे एएचयू (खोल्यांत थंड हवा देणारी युनिट्स) बंद करा. कॉइलपासून दूर बसवलेले ओले पॅड ही वेगळी, विचारपूर्वक केलेली रचना आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत ती चालते, मुंबईच्या दमट हवेत तिचा फायदा किरकोळ.

एवढं करूनही ट्रिप राहिली तर

आता गॅसवाल्याला बोलवा, पण 'गॅस ॲडजस्ट करा' असं सांगू नका. सबकूलिंग, सुपरहीट लिहून घ्यायला सांगा. सिस्टममध्ये हवा अडकल्याचा संशय असेल तर तपासणी अशी: लिक्विड लाइन बंद ठेवून गॅस कंडेन्सरमध्ये गोळा करा, कॉम्प्रेसर बंद, पंखे चालू, कॉइल बाहेरच्या हवेइतकी थंड होऊ द्या. मग गेजवरचं प्रेशर आणि चार्ट जुळवा. आर-१३४ए आणि हवा ३२ अंश असेल तर १०३ पीएसआयच्या आसपास यायला हवं. बरंच जास्त आलं तर आत हवा किंवा नायट्रोजन आहे. लिक्विड लाइन बंद नसेल तर गॅस थंड इव्हॅपोरेटरकडे (पाणी थंड करणाऱ्या भागाकडे) पळतो आणि वाचन खोटं येतं. हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचं आहे. गळती शोधायला दाब द्यायचा तर रेग्युलेटर लावलेला कोरडा नायट्रोजनच, ऑक्सिजन कधीच नाही. तेलाबरोबर त्याचा स्फोट होतो.

जास्तीचा गॅस निघाला तर तो रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये घ्या आणि वजन करून लिहा. नेमप्लेटवर मूळ चार्ज किलोत दिलेला असतो. हवेत सोडलेला एक किलो आर-१३४ए तापमानवाढीच्या हिशोबात सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा आहे, आणि डिसेंबरात तो तुम्हीच परत विकत घेणार आहात.

फक्त सुट्टीनंतरच्या सकाळी ट्रिप होत असेल तर प्रकरण निराळं. रविवारी बंद राहिलेल्या इमारतीत पाणी तीस अंशांवर गेलेलं असतं आणि सगळे एएचयू एकदम उघडले की कॉम्प्रेसरवर नेहमीपेक्षा जड भार येतो. एएचयू टप्प्याटप्प्याने उघडा, चिलर तासभर आधी सुरू करा.

पुढच्या एप्रिलसाठी

धुतल्यानंतर त्याच आठवड्यात, दुपारी, पूर्ण लोडवर अप्रोच परत मोजा आणि आधीच्या आकड्याशेजारी लिहा. कंडेन्सिंग तापमान एक अंश उतरलं की वीज ढोबळमानाने दोन-तीन टक्के वाचते, त्यामुळे २४ वरून १५ वर आलेला अप्रोच अकाउंट्सवाल्यांनाही समजावता येतो. पुढच्या वर्षीची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) करताना 'वर्षातून दोनदा कॉइल वॉशिंग' एवढंच लिहिलेलं असेल तर ते खोडा. त्याऐवजी लिहून घ्या: पत्रे काढून आतून बाहेर धुणं, रसायनाचं नाव आणि डेटा शीट आधी देणं, आणि पूर्ण लोडवरचा अप्रोच धुण्याआधी-नंतर सहीनिशी देणं. पहिली धुलाई मार्चमध्ये ठेवा आणि आवारात सावर असेल तर तिचा कापूस उडून गेल्यावर, मेच्या पहिल्या आठवड्यात, आणखी एकदा टॉर्च घेऊन वर जा.